मियाजिमाची अर्ध्या दिवसाची गाइडेड टूर: आधी भरतीचं कोष्टक, मग बाकी सगळं

हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावरून आलेली मंडळी एक तक्रार हमखास करतात: "फोटोत देऊळ पाण्यावर तरंगताना दिसतं, आम्ही गेलो तेव्हा तिथे नुसता चिखल होता." उलटी तक्रारही असते: "लोक त्या लाल महाद्वारापर्यंत चालत जातात म्हणून ऐकलं होतं, आम्हाला ते लांबूनच पाहावं लागलं." दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. टूर विमानाच्या, हॉटेलच्या आणि शिंकान्सेनच्या (बुलेट ट्रेनच्या) वेळा पाहून ठरवली, समुद्राची वेळ कोणी पाहिलीच नाही. एरवी आपण काय पाहिलं हे गाइडवर अवलंबून असतं. इथे ते आधी पाण्यावर अवलंबून असतं आणि पाण्याच्या वेळा कित्येक महिने आधी कळतात.

खालचा क्रम हिरोशिमात मुक्काम करून चार-पाच तासांची टूर घेणाऱ्यांसाठी आहे. गाइड सोबत असला तरी यातली निम्मी कामं आपल्यालाच आणि घरूनच करायची असतात.

## टप्पा 1: कोष्टक उघडा आणि मगच तारीख ठरवा

इत्सुकुशिमा हे शिंतो म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं देऊळ खाडीच्या उथळ भागात खांबांवर उभं आहे. त्याच्यासमोर, भर पाण्यात, ओतोरी म्हणजे मोठं तोरी हे लाकडी महाद्वार आहे. दिवसातून साधारण दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. मियाजिमाची पर्यटन संघटना वर्षभराचं भरती-ओहोटीचं कोष्टक प्रसिद्ध करते. त्यात तारखेसमोर वेळ आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये दिलेली असते. दोन आकडे लक्षात ठेवा:

- 250 सेंमी किंवा जास्त: देऊळ आणि तोरी पाण्यावर तरंगल्यासारखे दिसतात.
- 100 सेंमी किंवा कमी: वाळूवरून चालत तोरीच्या पायाशी जाता येतं.

या दोहोंच्या मधल्या वेळेत दोन्हींपैकी काहीच धड मिळत नाही. देवळाखाली ओली वाळू आणि तोरीभोवती गुडघाभर पाणी, अशी अवस्था असते. तक्रार करणारे बहुतेक जण नेमके याच वेळी पोचलेले असतात.

कोष्टक कसं वाचायचं ते एका काल्पनिक दिवसावरून पाहू. समजा, सकाळी 9:40 ला भरती 340 सेंमी आहे आणि दुपारी 4:00 ला ओहोटी 40 सेंमी. पाणी सुरुवातीला संथ उतरतं, मधल्या तासांत झपाट्याने आणि शेवटी पुन्हा संथ. अशा दिवशी बाराच्या सुमारापर्यंत पाणी 250 च्या वर राहील आणि दोनच्या पुढे 100 च्या खाली जाईल. म्हणजे सकाळी साडेआठ ते साडेबाराची टूर घेतली तर तरंगतं देऊळ नक्की मिळेल. टूर संपल्यावर जेवून दोन तास बेटावरच थांबलात तर तोरीपर्यंत स्वतः चालत जाता येईल. दुपारी एकची टूर घेतली तर तरंगतं देऊळ हुकलं, पण गाइडसोबत तोरीच्या पायाशी जाता येईल. दोन्ही बघायचं असेल तर अशा दिवशी सकाळची टूर आणि नंतर थोडा मोकळा वेळ, हा माझ्या मते उत्तम बेत.

आता वेगळा दिवस घ्या. भरती 280 आणि ओहोटी 170. पाणी 100 च्या खाली जातच नाही, त्यामुळे टूर कोणत्याही वेळेची घेतली तरी चालत जाणं शक्य नाही. कोकणात ज्याला भांगाची भरती म्हणतात, तोच हा अष्टमीच्या आसपासचा काळ. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, म्हणून दोन्ही दृश्यं एकाच दिवशी मिळण्याची शक्यता तेव्हाच जास्त.

सावधान: तिथीच्या पाऊणपट तास धरून भरतीची वेळ काढायची आपल्या किनाऱ्यावरची रीत तिथे लागू पडत नाही. तिथल्या आतल्या समुद्रात भरती पोचण्याचा हिशोब निराळा आहे. उधाण कधी आणि भांग कधी हे पंचांगावरून ओळखता येईल, घड्याळाची वेळ मात्र तिथल्या कोष्टकातूनच घ्या.

ऋतूचाही फरक पडतो. खोल ओहोटी वसंतात आणि उन्हाळ्यात दिवसा येते, थंडीत ती बहुधा रात्री असते. डिसेंबर-जानेवारीत जाऊन भर दुपारी तोरीपर्यंत चालत जायचं ठरवलं असेल, तर कोष्टक दोनदा तपासा.

तपासणी: आता तुमच्याकडे कागदावर तीन गोष्टी असायला हव्यात: तारीख, त्या दिवशी पाणी 250 च्या वर असण्याचा काळ आणि 100 च्या खाली असण्याचा काळ. त्या नसतील तर पुढच्या टप्प्याला हात घालू नका.

## टप्पा 2: टूर निवडताना विचारायचे प्रश्न

"हाफ डे मियाजिमा" या नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. काहींची सुरुवात हिरोशिमा स्टेशनात होते, काहींची अलीकडच्या किनाऱ्यावर मियाजिमागुचीला, तर काहींची थेट बेटाच्या धक्क्यावर. चार तासांची टूर हिरोशिमातून सुरू होत असेल तर जाण्यायेण्यातच त्यातले दोन तासांच्या आसपास जातात. तेच चार तास बेटावरच्या धक्क्यापासून मोजले जात असतील तर हाती जवळपास दुप्पट वेळ उरतो. किंमत बघण्याआधी हे बघा.

पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला लिहून विचारा:

1. भेटण्याची जागा नेमकी कोणती आणि टूर संपते कुठे? बेटावरच संपत असेल तर उत्तम, म्हणजे नंतर थांबता येतं.
2. किमतीत रेल्वे, फेरी, बेटाचा कर आणि देवळाचं तिकीट यांपैकी काय धरलं आहे?
3. गटात जास्तीत जास्त किती माणसं?
4. देवळात कोणत्या वेळी जाणार? हे उत्तर कोष्टकाशी ताडून पाहा. त्या दिवसाच्या पाण्याप्रमाणे क्रम बदलतो, असं गाइड आपणहून सांगत असेल तर तो गाइड घ्या.
5. पायऱ्या किती आणि त्या टाळता येतात का?
6. पाऊस किंवा वादळ आलं तर पैसे परत मिळतात का?

खाजगी गाइड महाग पडतो. पण चार-सहा जणांचं कुटुंब असेल आणि सोबत आईवडील असतील, तर माझा कौल त्यालाच. मोठ्या गटात कानाला लावायचं यंत्र देतात, आवाज नीट येतो, पण आई दोन मिनिटं बाकावर टेकली तर गट थांबत नाही. जपानमध्ये सरकारी परीक्षा उत्तीर्ण झालेले परवानाधारक गाइड असतात. 2018 पासून परवाना नसलेल्यांनाही पैसे घेऊन हे काम करता येतं. दोन्हींत चांगले लोक आहेत, पण कोणाला घेतोय हे ठाऊक असावं, म्हणून विचारा.

खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर स्वयंसेवक गाइडांचे गट हाही मार्ग आहे. ते मानधन घेत नाहीत, त्यांचा प्रवासखर्च, तिकीट आणि जेवण आपण करायचं असतं. मात्र अर्ज बराच आधी करावा लागतो आणि ठरल्यावर आयत्या वेळी रद्द करणं फार वाईट दिसतं.

नेहमीची चूक: चार तासांत देऊळ, मिसेन डोंगर आणि बाजार असं सगळं दाखवणारी टूर घेणं. मिसेन 535 मीटर उंच आहे. रोपवेचे दोन टप्पे आहेत आणि वरच्या स्टेशनापासून शिखरापर्यंत साधारण अर्धा तास चढावं लागतं. रांग धरून जाऊन-येऊन तीन तास सहज जातात. डोंगर हवाच असेल तर पूर्ण दिवस द्या. रोपवे देखभालीसाठी मधूनमधून बंद असतो आणि जोराच्या वाऱ्यातही थांबवतात, हेही लक्षात असू द्या.

## टप्पा 3: आदल्या रात्रीची तयारी

नाणी. देवळाचं तिकीट, नवस-दक्षिणेची पेटी, छोट्या टपऱ्या, सगळीकडे रोख पैसे लागतात. 100 येनची आठ-दहा नाणी आणि 5 येनची काही नाणी वेगळ्या पाकिटात ठेवा. दक्षिणेच्या पेटीत 5 येनचं नाणं टाकायची पद्धत आहे.

पायताण. मऊ तळव्याचे, पटकन काढता-घालता येणारे बूट. देवळाच्या मार्गिकांच्या फळ्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवलेल्या आहेत, चढणाऱ्या पाण्याचा दाब त्यातून निघून जावा म्हणून. टोकदार टाचेची चप्पल त्यात अडकते. ओहोटीत चालणार असाल तर एक जोड मोजे जास्तीचा आणि ओले बूट ठेवायला पिशवी घ्या.

कागद. नकाशा, तिकीट, रेल्वे पास, पासपोर्ट यांपैकी काहीही हातात किंवा मागच्या खिशात नको. कारण टप्पा 5 मध्ये येईल.

सामान. मोठ्या बॅगा हिरोशिमा स्टेशनच्या लॉकरमध्ये किंवा हॉटेलात ठेवा. बेटाच्या धक्क्यावरही लॉकर आहेत, पण गर्दीच्या दिवशी मोठे लॉकर लवकर भरतात.

खाणं. शाकाहारी असाल तर डबा सोबत घ्या. बेटाची ख्याती भाजलेल्या कालवांसाठी आणि भातावर घातलेल्या आनागो या माशासाठी आहे. साध्या दिसणाऱ्या उदोन नूडल्सच्या रश्श्यातही बहुधा माशाचं पाणी असतं. ठेपले, दशम्या, सुका मेवा असं कोरडं काही बरं. आडोशाला बसून खायचं आहे, हे ध्यानात ठेवून घ्या.

कचऱ्याची पिशवी. बेटावर कचराकुंड्या फार थोड्या आहेत. रिकामी पाकिटं परत न्यायची तयारी हवी.

तपासणी: झोपण्यापूर्वी हवामान पाहा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वादळ येणार असेल तर फेरी बंद राहू शकते. पाणी फार चढलं तर देवळाच्या मार्गिकाच पाण्याखाली जातात आणि आत सोडत नाहीत. अशा वेळी गाइडचा निरोप येण्याची वाट पाहू नका, आपणच विचारा.

## टप्पा 4: हिरोशिमा ते बेट

हिरोशिमा स्टेशनातून जेआरची (जपान रेल्वेची) सान्यो मार्गावरची इवाकुनीकडे जाणारी गाडी घ्या. मियाजिमागुचीला साधारण अर्ध्या तासात पोचाल. स्टेशनातून बाहेर पडून सरळ चालत पाच-सहा मिनिटांवर फेरीचा धक्का आहे. ट्रामही जाते, पण तिला तास-सव्वा तास लागतो आणि तिच्यावर जपान रेल पास चालत नाही. टूरच्या दिवशी ट्राम टाळा, ती शहर फिरायला छान आहे.

शांती स्मारक उद्यानाजवळून थेट बेटावर जाणारी बोटही आहे, सुमारे पाऊण तासाची. ती नदीवरच्या पुलांखालून जाते. त्यामुळे भरती-ओहोटीच्या टोकाला तिच्या काही फेऱ्या रद्द होतात, आणि नेमक्या त्याच दिवशी तुम्ही तिथे असण्याची शक्यता आहे. बोटीचा मोह असेल तर तो परतीला ठेवा.

धक्क्यावर दोन कंपन्यांच्या फेऱ्या शेजारी शेजारी सुटतात: जेआर आणि मात्सुदाई. प्रवास दहा मिनिटांचा. जेआरची फेरी घ्या, याची दोन कारणं. जपान रेल पास तिच्यावर चालतो, दुसऱ्या फेरीवर नाही. शिवाय दिवसाच्या बऱ्याच फेऱ्यांत जेआरची बोट बेटाकडे जाताना तोरीच्या जवळून वळसा घेते. बोटीवर उजव्या कठड्याला उभे राहा, तोरी त्याच बाजूला येतं. हा वळसा जातानाच असतो, येताना नाही. म्हणून "येताना फोटो काढू" असं म्हणून आत बसून राहिलात तर संधी गेली.

सावधान: ऑक्टोबर 2023 पासून बेटावर येणाऱ्या पाहुण्यांकडून 100 येनचा कर घेतात. साध्या तिकिटात तो धरलेला असतो. रेल पास असला तरी कराचे 100 येन वेगळे भरावे लागतात, बोटीत चढण्यापूर्वीच. पास दाखवून थेट फाटकाशी जाणाऱ्यांना परत पाठवतात आणि तोवर बोट सुटते.

तपासणी: टूर बेटावरून सुरू होणार असेल तर ठरलेल्या वेळेच्या किमान अर्धा तास आधी बेटावर पोचणारी बोट धरा. जपानी गाइड दहाच्या टूरला दहाला निघतो. आपण दहा वाजून पाच मिनिटांनी पोचलो तर तो वाट पाहील असं धरून चालू नका.

## टप्पा 5: धक्का ते देऊळ, हरणांमधून

धक्क्यापासून देवळापर्यंत किनाऱ्याने दहा-पंधरा मिनिटांची सपाट वाट आहे. बेटावरची हरणं मोकळी फिरतात, माणसाला बुजत नाहीत. ती जंगली आहेत. नारा शहरात हरणांना द्यायची बिस्किटं विकतात, इथे तसं काही नाही. इथे त्यांना खायला घालू नका असंच सांगतात. मात्र त्यांना कागद आवडतो. नकाशा, तिकीट, पिशवीतून डोकावणारं पाकीट, काहीही ओढून चघळतात. प्लास्टिकही गिळतात, आणि त्याने ती मरतात. पिशवीची चेन बंद ठेवण्याचं खरं कारण हे आहे.

लहान मुलं सोबत असतील तर त्यांना आधीच सांगा: हात लावायचा नाही, शिंग धरायचं नाही, पिल्लाजवळ जायचं नाही. शरद ऋतूत नर हरणं आक्रमक होतात, तेव्हा दोन हात लांबच बरे.

बाजारपेठेच्या वाटेने जायचं की किनाऱ्याने? आता किनाऱ्यानेच. बाजार परतीला. सकाळच्या टूरवाल्यांनी तर इथे थांबूच नये. दहानंतर गर्दी वाढत जाते आणि देवळात ती सर्वांत आधी जाणवते.

## टप्पा 6: देवळात

देऊळ सकाळी 6:30 ला उघडतं. मोठ्यांचं तिकीट 300 येन. वाट एकेरी आहे: पूर्वेकडून आत, पश्चिमेकडून बाहेर. बाहेर पडल्यावर मागे फिरता येत नाही. ही गोष्ट माहीत नसल्याने लोक पहिल्या पन्नास पावलांत फोटो काढत बसतात आणि मुख्य मंचाशी पोचेपर्यंत गट पुढे गेलेला असतो.

हात-तोंड धुणं. दाराशी पाण्याचं कुंड असतं. क्रम असा: उजव्या हातात पळी घेऊन डावा हात धुवा, पळी डाव्या हातात घेऊन उजवा धुवा, पुन्हा उजव्या हातात घेऊन डाव्या ओंजळीत पाणी घ्या, त्याने चूळ भरा, डावा हात परत धुवा, शेवटी पळी उभी धरून तिचा दांडा धुऊन निघू द्या. पळीला ओठ लावायचे नाहीत आणि चूळ कुंडात टाकायची नाही. पळ्या नसतील आणि वाहती धार असेल तर नुसते हात धुतले तरी पुरे.

दर्शन. पेटीत नाणं अलगद टाका. दोनदा कमरेतून वाका, दोनदा टाळी वाजवा, हात जोडून मनात जे असेल ते म्हणा आणि शेवटी एकदा वाका. घाई नको. मागे रांग असेल तर बाजूला सरकून हात जोडले तरी चालतं. इथे तीन सागरदेवतांची पूजा होते. गाइडला त्यांच्याबद्दल विचारायचं असेल तर दर्शनाआधी विचारा, देवासमोर उभं राहून बोलणं टाळा.

इथे बूट काढायचे नसतात. आपल्या सवयीने काही जण काढून हातात घेतात, मग मागच्यांचा खोळंबा होतो.

फोटो. समुद्राकडे पुढे आलेल्या मंचाच्या टोकाशी दिवा आहे, त्याच्या मागे सरळ रेषेत तोरी. तिथे फोटोसाठी रांग लागते. गर्दीत वीस मिनिटंही जाऊ शकतात. गाइडला आत शिरतानाच विचारा की त्यासाठी वेळ ठेवला आहे का. नसेल तर रांगेच्या डाव्या-उजव्या कठड्यावरूनही तोरी सुरेख दिसतं, फक्त मधोमध येत नाही. देवळात लग्नंही लागतात. वधूवर दिसले तर बाजूला व्हा. त्यांच्यामागे कॅमेरा घेऊन जाऊ नका, तो त्यांचा दिवस आहे.

तपासणी: बाहेर पडण्यापूर्वी पाण्यावरचा नाट्यमंच पाहिलात का? तो बाहेर जाण्याच्या वाटेवरच, उजव्या हाताला लागतो. 'नो' या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारासाठी बांधलेला हा मंच समुद्रावर उभा आहे आणि लोक बाहेर पडण्याच्या घाईत त्याच्यासमोरून मान न वळवता जातात.

## टप्पा 7: तोरीच्या पायाशी (पाणी 100 च्या खाली असेल तरच)

आत्ताचं तोरी 1875 सालचं आहे, उंची साधारण 16 मीटर. मुख्य खांब कापराच्या झाडाचे. ते जमिनीत पुरलेले नाहीत, तोरी स्वतःच्या वजनावर उभं आहे. 2019 ते 2022 या काळात त्याची मोठी दुरुस्ती झाली. जवळ गेल्याशिवाय त्याच्या खांबांचा घेर कळत नाही. पाणी साथ देत असेल तर हा टप्पा वगळू नका.

उतरताना पायऱ्यांवर शेवाळ असतं, कठडा धरा. वाळू ओली आणि जागोजागी चिखलाची असते, इतर लोक चालले असतील त्याच वाटेने चाला. खांबांना चिकटलेल्या शिंपल्यांनी हात कापतात.

सावधान: खांबांच्या फटींत नाणी खोचू नका. पूर्वीच्या पर्यटकांनी खोचलेल्या नाण्यांनी लाकडाचं नुकसान झालं आहे आणि ती काढणं हे दुरुस्तीतलं एक कामच होऊन बसलं. नवस बोलायचा असेल तर त्यासाठी देवळात पेटी आहे.

पाणी परत चढायला लागलं की निघा. मधल्या तासांत ते किती झपाट्याने येतं हे वर सांगितलंच आहे.

## टप्पा 8: उरलेल्या दीड तासात एकच ठिकाण

इथे गाइड बहुधा पर्याय देतो. सगळं घेऊ नका.

दाइगान्जी: देवळातून बाहेर पडताच समोर. छोटं बौद्ध मंदिर, दहा मिनिटं पुरतात. इथली बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती. वीणेच्या जागी तिच्या हाती बिवा हे जपानी तंतुवाद्य आलं आणि ती पाण्याची, कलेची आणि धनाची देवी झाली. जपानमधल्या तीन मोठ्या बेन्झाइतेनांपैकी ही एक. मूळ मूर्तीचं दर्शन वर्षातून एकदाच, 17 जूनला होतं, एरवी दार बंद. तरी मराठी माणसाने इथे दोन मिनिटं थांबावंच, असं मला मनापासून वाटतं. गाइडना हा दुवा माहीत असतो, पण भारतीय पाहुण्यांनी विचारलं नाही तर ते पुढे निघतात.

दाइशो-इन: दहा मिनिटं चढण, मग पायऱ्या. गुडघे धड असतील तर माझी निवड हीच. पायऱ्यांच्या मधल्या कठड्यावर सूत्रं कोरलेले धातूचे दंडगोल आहेत, ते हाताने फिरवत वर जायचं. लोकरीच्या टोप्या घातलेल्या पाचशे अर्हतांच्या दगडी मूर्ती बाजूच्या वाटेवर आहेत आणि एकाचंही तोंड दुसऱ्यासारखं नाही. तळघरासारख्या गुहेत शिकोकू बेटावरच्या 88 मंदिरांच्या यात्रेतल्या मूर्ती मांडल्या आहेत. प्रवेश विनामूल्य. गर्दी देवळाच्या मानाने फारच कमी.

सेन्जोकाकु: हे देवळाच्या प्रवेशाकडच्या टेकडीवर आहे, पाचमजली पॅगोड्याच्या शेजारी. तोयोतोमी हिदेयोशी या तेव्हाच्या सत्ताधीशाने 1587 मध्ये सुरू केलेलं हे भव्य लाकडी सभागृह अर्धवटच राहिलं. उन्हाळ्यात वारा खात बसायला यासारखी जागा नाही. इथे मात्र बूट काढायचे असतात.

नेहमीची चूक: दाइगान्जी आणि दाइशो-इन ही बौद्ध मंदिरं आहेत. इथे टाळी वाजवत नाहीत, नुसते हात जोडून वाकायचं. देवळातून थेट आलेले लोक सवयीने टाळी वाजवतात आणि शांत सभामंडपात तो आवाज फार मोठा होतो.

सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर दाइशो-इन सोडून द्या. दाइगान्जी करा आणि बाजाराला समांतर असलेल्या माचिया गल्लीतून हळूहळू धक्क्याकडे या. ती गल्ली सपाट आहे, जुनी लाकडी घरं आहेत आणि बसायला चहाची दुकानं मिळतात.

## टप्पा 9: बाजार, निरोप, परतीची बोट

ओमोतेसान्दो ही मुख्य बाजारपेठ. लाकडी भातवाढी, म्हणजे शामोजी, ही इथली खास वस्तू. 7.7 मीटर लांबीचा एक महाकाय शामोजी पेठेतच मांडून ठेवला आहे. मॅपलच्या पानाच्या आकाराचं मोमिजी मान्जू हे इथलं गोड. आत बहुधा लाल घेवड्याचं गोड सारण असतं, पण वरच्या पिठात अंडं असतं. अंडं वर्ज्य असलेल्यांनी "वरून शाकाहारी दिसतंय" म्हणून घेऊ नये, गाइडकडून दुकानदाराला विचारून घ्या. आणि हे काम गाइड जाण्याआधीच उरका.

चालता चालता खाऊ नका. दुकानासमोर थांबून खा, वेष्टण त्याच दुकानात परत द्या. उघड्यावर डबा सोडलात तर हरीण येतंच, म्हणून डबा खायचा असेल तर गाइडला बसण्याची जागा विचारा. दुकानं संध्याकाळी पाचच्या सुमारास मिटायला लागतात. दुपारची टूर घेतलेल्यांनी खरेदी शेवटावर ठेवली तर बंद दारं बघावी लागतात.

निरोप घेताना गाइडला बक्षिशी देऊ नका. तिथे ती प्रथा नाही आणि समोरचा संकोचतो. घरून नेलेला चिक्कीचा किंवा काजूचा छोटा पुडा दोन्ही हातांनी द्या, तो आनंदाने घेतला जातो. स्वयंसेवक गाइड असेल तर त्याची परतीची तिकिटं तुमच्या पैशातून झालीत ना, हे आठवणीने बघा.

दुसरी ओहोटी किंवा भरती बघायला थांबणार असाल तर निघण्यापूर्वी गाइडला दोन गोष्टी कोष्टकावर पेनाने खूण करून मागा: पाणी किती वाजता हव्या त्या पातळीला येईल आणि किनाऱ्यावर कोणत्या जागी उभं राहायचं. अंधार पडल्यावर तोरीवर दिवे लावतात. शेवटची बोट रात्री दहाच्या सुमारास सुटते, पण संध्याकाळनंतर बोटींमधलं अंतर वाढतं, म्हणून धक्क्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो सकाळी उतरतानाच काढून ठेवा. परतीला जी आधी सुटेल ती बोट धरा. रेल पास असेल तर मात्र पुन्हा जेआरचीच.